बिबट्या गेला, भीती पाड्यावरच राहिली

२०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आरे कॉलनीत बिबट्याचे हल्ले सुरू होते. एका महिलेने हातातल्या काठीने बिबट्याला परतवलं, तो सीसीटीव्ही व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. तेव्हा मी बातमीसाठी एका पाड्यावर गेलो होतो. हल्ला डोळ्यांनी पाहिलेल्या एका काकांना विचारलं, "नेमकं काय झालं?" त्यांनी सांगितलं. आवाज नीट आला नाही म्हणून पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी ते मध्येच थांबले. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "त्यांना बाहेरचं झालंय."

मी बातमी लावली आणि विसरलो. पुढे पिएर जाने यांच्याविषयी वाचलं आणि ते काका आठवले.

जाने (१८५९-१९४७) हे फ्रान्समधल्या ल हाव्र या बंदराच्या शहरात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि तिथल्या इस्पितळात रुग्ण पाहायचे. १८८९ मध्ये त्यांचा प्रबंध आला. मग पॅरिसच्या सालपेत्रिएर इस्पितळात काम, १८९३ मध्ये डॉक्टरकी आणि १९०२ पासून कॉलेज द फ्रान्समध्ये अध्यापन.

त्यांची एक रुग्ण होती, इरेन. क्षयाने आजारी आईची तिने रात्र रात्र जागून सेवा केली. आई गेली, पण तो मृत्यू इरेनला आठवेचना. लोक सांगतात म्हणजे गेली असेल, एवढंच तिचं म्हणणं. मात्र पलंगाकडे नजर गेली, की ती आईला पाणी पाजायची, तिच्याशी बोलायची. ती रात्र जशीच्या तशी पुन्हा घडायची, तासन् तास.

जाने यांचा निष्कर्ष असा: धक्का पेलवला नाही, की ती आठवण बाकीच्या मनापासून सुटी पडते. माणसाला ती सांगता येत नाही, शरीर ती जगत राहतं. यालाच आज डिसोसिएशन म्हणतात. त्यांचे उपचार टप्प्याटप्प्याने चालायचे: आधी माणसाला स्थिर करायचं, मग आठवणीला हात घालायचा, शेवटी रोजच्या जगण्यात परत आणायचं.

मी नेमकं उलट केलं होतं.

पुढे फ्रॉइडच्या नावाखाली जाने झाकले गेले. १९७० मध्ये एलेनबर्गर यांच्या ग्रंथाने त्यांना पुन्हा उजेडात आणलं.

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसं गेली. वाचलेल्यांच्या मनाचं काय, हा प्रश्न तेव्हा मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांनी हाती घेतला. नट म्हणून आपण त्यांना ओळखतो, हे काम मात्र फारसं कुणाला माहीत नाही.

देवळात, रीतीप्रमाणे अंगात येणं हा आजार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादीही मानते. पण माणूस नको असताना हरवत असेल, कामधंदा सुटत असेल, तर त्याला उपचार लागतात. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे.

बिबट्याच्या हल्ल्यात जखमी झालेल्याला सरकार भरपाई देतं. पाहणाऱ्याच्या मनावरची जखम पंचनाम्यात येत नाही. आरेच्या पाड्यांवर पिंजऱ्यासोबत समुपदेशकही पोहोचला पाहिजे, तोही एकदाच नाही. तोवर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर तरी जवळ ठेवा.

आणि आम्हा पत्रकारांना एक विनंती. आधी पाणी विचारा, माइक नंतर.

काका, चुकलं माझं.