वर्तन-सक्रियीकरण

नैराश्यावरील, औषधाविना करायची एक मानसोपचार पद्धत. मन लागेल तेव्हा काम करू असे न म्हणता ठरवलेले काम आधी करायचे. मन मागाहून लागते, हे तिचे सूत्र.

१९७०च्या दशकात अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी या विचाराची मांडणी केली. माणूस खचला की बाहेर पडणे, भेटीगाठी, आवडीची कामे सुटतात. ती सुटल्याने आनंदाचे प्रसंग आटतात आणि खचणे वाढते. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडता येते, असे त्यांचे म्हणणे. पुढे ही पद्धत विचार बदलण्यावर भर देणाऱ्या बोधात्मक उपचाराचा केवळ एक भाग होऊन राहिली. १९९६ साली नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी तो भाग सुटा काढून तपासला, तेव्हा एकट्या भागाचा गुण संपूर्ण उपचाराइतकाच आला. विचार बदलण्याची सगळी खटपट बाजूला ठेवूनही गुण यावा, हे अनेकांना पटायला जड गेले.

उपचाराचे मुख्य साधन म्हणजे रोजनिशी. तासागणिक काय केले आणि तेव्हा मन कसे होते, याला शून्य ते दहा गुण द्यायचे. 'दिवसभर काहीच बरे वाटले नाही' म्हणणाऱ्याच्याही वहीत दुपारी शेजारणीशी बोलताना दोनाचे चार झालेले दिसतात. मग पुढच्या आठवड्याची कामे ठरतात, तीही मुद्दाम लहान: 'रोज व्यायाम करीन' असे नाही, तर 'मंगळवारी साडेसहाला वाण्याच्या दुकानापर्यंत चालत जाईन'. चालणे, योगासने, भजनी मंडळ, परसबाग यांपैकी काहीही चालते. ते त्या माणसाच्या आवडीचे हवे, एवढीच अट.

या पद्धतीची एक महत्त्वाची चाचणी गोव्यात झाली. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेच्या सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र लक्षणे असलेल्या सुमारे पाचशे प्रौढांवर ती केली. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसेच होती. सहा ते आठ भेटी, त्याही केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण या गटात ६४ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या सुधारित रूपावर असलेल्या गटात ३९ टक्के होते. निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. मानसोपचारतज्ज्ञांची वानवा असलेल्या देशात या आकड्यांचे मोल मोठे.

भीतीपोटी टाळाटाळ वाढलेल्या चिंताग्रस्तांसाठीही ही पद्धत वापरतात. मात्र 'ऊठ, काहीतरी कर' हा घरच्यांचा उपदेश म्हणजे हा उपचार नव्हे. त्याने बहुधा अपराधी भावनाच वाढते. आत्महत्येचे विचार, भ्रम किंवा उन्मादाचे झटके असतील, तर केवळ यावर विसंबू नये. चालू असलेली औषधे डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. भारतात शासनाची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.