सबमेन, परसातील इमारतीची : चाचणी व प्रमाणन (ब्रिटन)

घराच्या मुख्य वितरण पेटीतून परसातली शेड, सुटे गॅरेज किंवा बागेतली कामाची खोली इथपर्यंत वीज नेणारी केबल म्हणजे सबमेन. ती थेट दिव्याला वा सॉकेटला जात नाही. पलीकडच्या छोट्या पेटीत ती संपते आणि पुढची सर्किटे तिथून निघतात. ब्रिटनमध्ये हे काम बीएस ७६७१ या मानकानुसार करतात. त्यामागच्या नियमावलीची पहिली आवृत्ती १८८२ची, अठरावी २०१८ची. तिच्यात पुढे दुरुस्त्या झाल्या.

केबल बहुधा आर्मर्ड, म्हणजे पोलादी तारांचे चिलखत असलेली. ती किती खोल पुरावी याचा आकडा मानकात नाही. जमिनीत नेहमी होणाऱ्या खोदकामाने इजा होणार नाही इतकी खोल, एवढेच म्हटले आहे. व्यवहारात ४५० ते ६०० मिमी.

खरा कस लागतो तो अर्थिंगला. तिथल्या पुष्कळ घरांना पीएमई पद्धतीचा पुरवठा असतो : रस्त्यातली एकच तार न्यूट्रल आणि अर्थ अशी दोन्ही कामे करते. ती तुटली तर घरातल्या अर्थ केलेल्या सगळ्या धातूवर फेजच्या जवळपास दाब चढू शकतो. घरात नळ, पाइप, उपकरणे एकमेकांना जोडलेली असल्याने धोका बराच कमी होतो; परसात ओल्या मातीवर उभे राहून तसल्याच धातूला हात लावणाऱ्याचे मात्र काही खरे नाही. म्हणून अनेकदा चिलखताला अर्थ घराच्या टोकालाच देतात, शेडच्या टोकाला ते अलग ठेवतात आणि तिथे स्वतंत्र अर्थ रॉड ठोकतात. ही टीटी पद्धत. ३० मिलीअँपिअरच्या आरसीडीला (अर्थकडे प्रवाह गळताच वीज तोडणाऱ्या स्विचला) गणिताने १,६६७ ओहमचा रॉडही चालतो. पण माती वाळली की रोध वाढतो, त्यामुळे २०० ओहमच्या वरचा आकडा भरवशाचा मानत नाहीत. घराचाच अर्थ वापरायचा आणि शेडमध्ये जमिनीतून धातूचा नळ येत असेल, तर पीएमईसाठी बाँडिंगची तांब्याची तार किमान १० चौ. मिमी लागते. बारीक केबलची तिसरी तार तिथे अपुरी पडते.

आधी वीज बंद ठेवून चाचण्या होतात, आणि त्यांत पहिली सलगतेची. समजा, घराचा अर्थ शेडपर्यंत नेलेली, तीन तारांची ६ चौ. मिमी केबल ३० मीटर लांब आहे. फेज व अर्थ यांचा एकत्रित रोध सुमारे ०.१८ ओहम यायला हवा. मीटर ०.६ दाखवत असेल तर कुठेतरी स्क्रू सैल आहे. मग निरोधनाची चाचणी : ५०० व्होल्ट डीसीला किमान १ मेगाओहम. नव्या केबलला इतकेच मिळाले तर टोकात ओल शिरल्याचा संशय घ्यावा. आपले वायरमन याला ‘मेगर मारणे’ म्हणतात. तो मेगर मुळात एका ब्रिटिश उपकरणाचे व्यापारी नाव. ध्रुवता तपासून वीज सुरू केल्यावर फॉल्ट लूपचा, म्हणजे बिघाडात प्रवाह ज्या पूर्ण वाटेने फिरतो तिचा, रोध मोजतात आणि आरसीडी ३०० मिलिसेकंदांच्या आत पडतो का ते पाहतात.

नव्या सबमेनला किरकोळ कामाचा दाखला पुरत नाही. पूर्ण प्रतिष्ठापन प्रमाणपत्र लागते. त्यावर आराखडा, उभारणी व तपासणी अशा तीन जबाबदाऱ्यांच्या सह्या असतात. तिन्ही एकाच व्यक्तीच्या असल्या तरी चालते. सोबत मोजमापांचा तक्ता जोडतात. त्यातल्या प्रत्येक ओळीत तोच गोल आकडा दिसला, तर मीटर पिशवीतून बाहेरच आले नसावे.

इंग्लंड व वेल्समध्ये २००५पासून इमारत नियमांचा ‘पार्ट पी’ घरगुती विजेच्या कामाला लागू आहे, त्यात परसातल्या शेडही येतात. नवे सर्किट टाकल्यास काम नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनने तो ज्या योजनेत नोंदलेला आहे तिच्यामार्फत कळवायचे, नाहीतर मालकाने आधीच इमारत नियंत्रण विभागाला सांगायचे. त्यानंतर मिळणारा नियमपालनाचा दाखला आणि इलेक्ट्रिशियनचे प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. घर विकताना खरेदीदाराचा वकील दोन्ही मागू शकतो. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडला पार्ट पी लागू नाही.