शवासनाची मात्रा

अँजिओप्लास्टी करून घरी आलेल्या माणसाला गोळ्यांच्या यादीबरोबर एक सल्ला कुठून ना कुठून मिळतोच. कधी डॉक्टरांकडून, कधी फिजिओथेरपिस्टकडून, नाहीतर शेजारच्या जोशीकाकूंकडून: ताण घेऊ नका आणि शवासन करा. मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांच्या हॉलमध्ये, बोरिवलीच्या बागांमध्ये पहाटे चटया अंथरल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच चटयांवर छातीत स्टेंट बसवलेली माणसं पहुडलेली असतात. सल्ला इतका अंगवळणी पडलाय, की तो ऋषिमुनींपासून जसाच्या तसा चालत आला असं आपण धरून चालतो. आसन जुनं आहे, यात वाद नाही. पण पाय किती अंशांत फाकवायचे, श्वास कुठे थांबवायचा, रोज किती मिनिटं करायचं, हे सगळं ठरवून रोग्याच्या हाती दिलेलं शवासन हे विसाव्या शतकातलं काम आहे. आणि त्यातला मोठा वाटा वर्सोवा, लोणावळा, परळ आणि सांताक्रूझ या चार ठिकाणांचा आहे.

आधी जुनं ते पाहू. साधारण पंधराव्या शतकात स्वात्मारामाने रचलेल्या हठप्रदीपिकेत शवासनाला एक श्लोक मिळाला आहे. प्रेतासारखं जमिनीवर उताणं निजावं, थकवा जातो, चित्ताला विश्रांती मिळते, एवढाच मजकूर. घेरंडसंहितेत हेच मृतासन म्हणून येतं. हृदयाचं नाव नाही, रोगाचं नाही. स्वात्माराम हे सांगतो आहे तेही आसनं करून दमलेल्या साधकाला, बँकेत तीस वर्षं खुर्चीत बसून दमलेल्या माणसाला नव्हे.

तिथून थेट विसाव्या शतकात यावं लागतं. नर्मदेच्या काठी मालसर इथे परमहंस माधवदास नावाचे वृद्ध योगी राहत. त्यांच्या दोन शिष्यांनी योगाची दिशाच बदलली. पहिले मणिभाई हरिभाई देसाई, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधून उठून गुरूकडे गेलेले, पुढे श्रीयोगेंद्र म्हणून ओळखले गेलेले. २५ डिसेंबर १९१८ रोजी त्यांनी वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या समुद्रकाठच्या ‘द सँड्स’ या बंगल्यात योग इन्स्टिट्यूट सुरू केली. योग शिकायला संन्यास घ्यायची गरज नाही, संसारी आणि आजारी माणसानेही तो करावा, हा त्यांचा आग्रह. आज अंधेरी स्टेशनातून वर्सोव्याला जाणाऱ्या मेट्रोत उभ्या असलेल्या कुणाच्या गावीही नसतं, की आधुनिक योगोपचाराची एक सुरुवात याच किनाऱ्यावर झाली.

दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात घाम गाळलेला आणि पुढे खानदेशात अमळनेरला शिक्षकी केलेला हा माणूस. आसनाने शरीरात नेमकं काय होतं ते मोजून दाखवा, असा त्यांचा खाक्या. बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांखाली नौली आणि उड्डियानाची तपासणी त्यांनी केली. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढलं, ज्यात रक्तदाबाचे आकडे आणि क्ष-किरणांची चित्रं छापली जात.

हृदयाच्या बाबतीत मात्र परदेशी शास्त्रज्ञांना त्या काळी भलतंच कुतूहल होतं. योगी हृदय बंद पाडू शकतो का? १९३५ साली तेरेझ ब्रॉस ही फ्रेंच हृदयतज्ज्ञ कार्डिओग्रामचं फिरतं यंत्र घेऊन भारतभर योग्यांच्या मागे हिंडली. हृदय जवळजवळ थांबल्यासारखा एक आलेख तिला मिळाला आणि त्यावरून बराच गाजावाजा झाला. १९५७ साली वेंगर आणि बागची हे दोघे अमेरिकेहून आले, दिल्लीच्या आनंद यांच्यासह त्यांनी अशा दाव्यांची तपासणी केली, आणि १९६१ साली निष्कर्ष छापला. योगी श्वास रोखून छाती-पोट आवळतो, त्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, नाडी हाताला लागत नाही, ठोके कानाला ऐकू येत नाहीत. कार्डिओग्रामवरचं हृदय मात्र चालूच असतं. चमत्कार निकालात निघाला हे बरंच झालं. हृदय थांबवण्याचा नाद सुटल्यावरच त्याला विसावा देण्याचा विचार कुणाला तरी सुचणार होता.

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाच्या धमनीत गुठळी होणं, आणि माणूस त्यातून वाचूही शकतो, हे शिकागोच्या जेम्स हेरिकने १९१२ साली मांडलं. १९३९ मध्ये बॉस्टनच्या मॅलरी आणि सहकाऱ्यांनी शवविच्छेदनांवरून दाखवलं की मेलेल्या स्नायूच्या जागी पक्का व्रण तयार व्हायला सहाएक आठवडे लागतात. त्यावरून डॉक्टरांनी सरळ हिशेब मांडला: सहा आठवडे अंथरुणातून हलायचं नाही. रोग्याला घास भरवायचा, कूस परिचारिकेने वळवायची, दाढीसुद्धा दुसऱ्याने करायची. माणसं हृदयाने वाचत आणि पायाच्या शिरांत झालेल्या गुठळ्या फुप्फुसात जाऊन दगावत. जी उरत ती आपण कायमचे अपंग झालो अशा समजुतीने घरी परतत. १९५२ साली सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी ८१ रोग्यांना अंथरुणातून उठवून आरामखुर्चीत बसवलं, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना जवळजवळ खुनी ठरवलं होतं. रोगी मात्र सुधारले. त्यानंतर खुर्चीतून उभं राहणं, उभं राहून चालणं, चालण्यातून बेतलेला व्यायाम, अशी पुनर्वसनाची शिस्त हळूहळू बसत गेली.

म्हणजे पाश्चात्त्य वैद्यक हृदयरोग्याला निजवण्याच्या सक्तीतून बाहेर पडत होतं, आणि त्याच सुमारास परळच्या केईएम इस्पितळात डॉ. के. के. दाते आपल्या रोग्यांना निजायला सांगत होते. फरक एवढाच की सहा आठवडे नव्हे, रोज अर्धा तास.

दात्यांचा निबंध १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात आला. सहलेखकांत देशमुख आणि दळवी यांच्याबरोबर एस. एल. विनेकर हे नाव आहे, आणि माझ्या मते सगळ्या कुळाचा सांधा या नावात आहे. विनेकर कैवल्यधामचे. १९६३ साली कुवलयानंदांबरोबर त्यांनी योगोपचारावर इंग्रजी पुस्तक लिहिलं होतं. लोणावळ्यात ज्याला प्राणधारणा म्हणत, म्हणजे नाकपुडीत आत येणाऱ्या श्वासाचा गार आणि बाहेर जाणाऱ्याचा ऊन स्पर्श नुसता न्याहाळत राहायचा, तीच परळच्या निबंधात कृतीच्या रूपात उतरलेली दिसते. रोग्याने उताणं निजावं, पायांत तीस अंशांचं अंतर, हात धडापासून पंधरा अंश दूर, डोळे मिटलेले. श्वास पोटाने, संथ. आत घेतल्यावर थोडं थांबायचं, सोडल्यावर त्याहून जास्त. लक्ष नाकपुडीवर. शिकायला साधारण तीन आठवडे लागत. स्वात्मारामाच्या एका श्लोकाची इथे मात्रा झाली, वैद्याने पुडीत बांधून द्यावी तशी.

रोगी होते ४७, सगळे उच्च रक्तदाबाचे. काही औषधाविना, काहींचा दाब औषधाने आटोक्यात, काहींचा औषध घेऊनही न आवरणारा. औषधाविना असलेल्यांचा सरासरी दाब १३४ वरून १०७ पर्यंत उतरला, आणि आटोक्यात असलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी करता आल्या. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. आजच्या सोसवणाऱ्या गोळ्या तेव्हा नव्हत्या. मुंबईच्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून जगापुढे ठेवलेली सर्पगंधा दाब उतरवायची खरी, पण तिच्यातून काढलेल्या औषधाने काहींना खिन्नता घेरायची.

दात्यांच्या निबंधात एक मोठं भोक आहे. शवासन न करणाऱ्यांचा तुलनागट त्यात नाही. डॉक्टरांकडे वारंवार येऊन, प्रेमाने विचारपूस होऊनही दाब उतरतो, मोजण्याची सवय झाल्यानेही उतरतो. ते भोक बुजवलं लंडनजवळ क्रॉयडनला प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. चंद्रा पटेल यांनी. योगातलं शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक यंत्र एकत्र करून १९७३ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये पहिला निबंध दिला आणि १९७५ साली ३४ रोग्यांची, चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून, रीतसर चाचणी छापली. शिकवलेल्या गटाचा दाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला, दुसऱ्याचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर. दुसऱ्या गटाचाही थोडा उतरलाच, म्हणजे शंका रास्त होती. पण दोहोंतलं अंतर उघड होतं.

इथवर सगळं रक्तदाबाचं झालं. अरुंद झालेल्या धमनीचं काय? स्वामी सच्चिदानंदांचे शिष्य असलेले अमेरिकेतले डीन ऑर्निश यांनी १९९० साली दाखवलं की शाकाहार, चालणं, योग आणि गटाचा आधार यांनी वर्षभरात धमनीतला अडथळा किंचित मागे हटतो. किंचित म्हणजे सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८. रोगी होते अवघे ४८.

योगेंद्रांची संस्था एव्हाना वर्सोव्याहून सांताक्रूझ पूर्वेला स्थिरावली होती. तिथे त्यांचे पुत्र डॉ. जयदेव आणि स्नुषा हंसाजी यांनी ‘केअरिंग हार्ट’ प्रकल्प हाती घेतला. सोबतीला डॉ. आर. डी. लेले होते, भारतात न्यूक्लिअर मेडिसिन रुजवणारे. त्यांच्यामुळे हृदयाला रक्त कुठे पोचतं आणि कुठे नाही याच्या प्रतिमा घेऊन आधीचं-नंतरचं ताडता आलं. अँजिओग्राफीने रोग सिद्ध झालेले ११३ जण, त्यांतले ७१ योगाच्या गटात, ४२ नेहमीच्या उपचारांवर. वर्षभराने योगगटाचं कोलेस्टेरॉल २३.३ टक्क्यांनी घटलं होतं, दुसऱ्याचं ४.४. रोग वाढलेले योगगटात ९.९ टक्के, दुसऱ्यात ३५.७. निबंध २००४ साली भारतीय फिजिशियनांच्या संघटनेच्या नियतकालिकात आला.

आकडे भरघोस आहेत, आणि म्हणूनच मी ते जपून घेतो. चाचणी खुली होती, कोण कुठल्या गटात ते सगळ्यांना ठाऊक. शिवाय आसनांबरोबर आहार बदलला, दिनचर्या बदलली, घरच्यांनाही सामील करून घेतलं. या गाठोड्यातून शवासनाचा वाटा वेगळा काढता येत नाही. सांताक्रूझच्या मंडळींना तो काढायचाही नसावा, कारण त्यांच्या लेखी योग ही जगण्याची पद्धत, सुटी आसनं विकणं नव्हे.

मोठी परीक्षा त्यानंतर झाली. ‘योग-केअर’ नावाच्या चाचणीत भारतातल्या २४ इस्पितळांतले, नुकताच झटका येऊन गेलेले ३,९५९ रोगी घेतले. निम्म्यांना १२ आठवड्यांत योगाची १३ सत्रं, बाकीच्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर आरोग्यशिक्षण. २०२० साली अमेरिकन हृदयतज्ज्ञांच्या नियतकालिकात निकाल छापला गेला. मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा तातडीने इस्पितळात दाखल होणं यांपैकी काही ना काही घडलेले योगगटात ६.७ टक्के, दुसऱ्यात ७.४. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. योगगटाची प्रकृती स्वतःच्या मते थोडी बरी होती, आणि झटक्याआधीची कामं ते जास्त प्रमाणात पुन्हा करू लागले होते. दहा किंवा अधिक सत्रांना आलेल्यांत दुर्घटना आणखी कमी दिसल्या. पण दहा सत्रांना येऊ शकणारा माणूस मुळातच बरा असतो, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत.

निराश होण्यासारखा हा निकाल मला वाटत नाही. झटका येऊन गेलेल्या कारकुनाला लोकलचा जिना चढायची धास्ती असते, आणि ती धास्ती कमी होणं हा उपचारच आहे. ट्रेडमिल, मॉनिटर आणि प्रशिक्षित चमू असलेली पुनर्वसन केंद्रं आपल्याकडे थोडी. योगाच्या वर्गाला एक खोली आणि एक शिक्षक पुरतो.

दात्यांची मात्रा सगळ्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही, हे मात्र वर्गात सांगितलं जावं. हृदयाची ताकद घटलेल्या रोग्याला सपाट निजलं की धाप लागते, त्याने डोकं आणि पाठ उशांनी उंच करूनच निजावं. बायपास झालेल्याच्या छातीचं हाड सांधेपर्यंत निजताना-उठताना हातांवर भार देऊ नये. आणि छातीत दुखू लागलं, दरदरून घाम फुटला, तर शवासन करत पडून राहू नये. तेव्हा १०८ला फोन करून, कार्डिओग्राम निघेल अशा जवळच्या इस्पितळात पोचावं.