घोरणारा आणि दात खाणारा

लहानपणी उन्हाळ्यात सानगडीच्या घरी आम्ही सारी भावंडे अंगणात ओळीने निजत असू. धाकटा भाऊ रात्री दात खाई. आवाज असा की शेजारच्याने वाकळ उचलून दूर जावे. घोरेही तोच. आजीचे निदान ठरलेले: पोटात जंत. सकाळी वावडिंग. दात खाणे काही थांबले नाही. घोरण्यावर मात्र कोणी औषध दिले नाही. घोरणे म्हणजे गाढ झोप, हा घरादाराचा समज.

हे दोन्ही आवाज मराठीत सतराव्या शतकातच नोंदले गेले आहेत. दासबोधाच्या अठराव्या दशकातील नववा समास निद्रेवर आहे. निजलेल्या माणसांची तऱ्हा समर्थांनी मोठ्या मिस्किलपणे पाहिली आहे. घोरणारा तेथे आहे, करकरा दात खाणाराही आहे. पण ते दोघे निराळे. दोघे एकच असू शकतात, हे कळायला पुढे तीन शतके लागली.

युरोपातही वाट वाकडीच होती. 1907 साली फ्रान्समध्ये मारी व पिएत्किएविझ यांनी या खोडीला ग्रीक शब्दावरून नाव दिले. पुढे कोणी दातांच्या ठेवणीला दोष दिला, कोणी मनातल्या रागाला. रागाने दातओठ खाणारी आपली भाषा तरी निराळे काय म्हणते? निजलेल्याच्या उशाशी रात्रभर जागणारे यंत्र हवे होते. 1929 साली हान्स बर्गर यांनी मेंदूतील विद्युत्‌लहरींचे आलेख प्रसिद्ध केले आणि ती सोय झाली. 1965 साली फ्रेंच व जर्मन संशोधकांना अशा आलेखांवर दिसले की काही घोरणाऱ्यांचा श्वास झोपेत वारंवार थांबतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते, वाट अरुंद होते. श्वास कोंडला की मेंदू काही क्षण अर्धवट जागा होतो. निजलेल्याला त्याचा पत्ताही नसतो. दात खाण्यापूर्वीही बहुधा असेच घडते: आधी मेंदूच्या लहरी व नाडी जलद होतात, मग जबडा चालू लागतो. जबडा पुढे सरकून श्वासाची वाट मोकळी करतो, असे काहींचे मत. दोन्ही गोष्टी त्या अर्धजागृतीच्याच, एकीने दुसरी होत नाही, असे इतरांचे. वाद मिटलेला नाही. दात खाणाऱ्या प्रत्येकाचा श्वास अडतो असेही नव्हे. पण टॉन्सिल व नाकामागील गाठी वाढलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया केल्यावर श्वास सुधारला, तसे अनेकांचे दात खाणेही कमी झाल्याचे आढळले आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या वर्गातला एक मुलगा पहिल्याच तासाला डुलक्या घेई. दोनदा रागावलो, तिसऱ्यांदा आईला बोलावून विचारले, रात्री घोरतो काय?

"घोरते जी गुरुजी, दात बी खाते. जंताची दवा देली जी."

म्हटले, आता एकदा त्याचा घसाही डॉक्टरला दाखवा.