चंदगडचा सडा आणि हलका धातु

आपल्या भाषेनें वजनाला फार मान दिला आहे. भारदस्त पुरुष, गुरुजन, वजनदार शब्द हे सारे आदराचे. हलकें बोलणें, हलकी वृत्ति हीं निंदेचीं. धातूंच्या इतिहासानें या समजुतीला पुष्कळ काळ पुष्टीच दिली. ज्या भांड्यांत एक किलो पाणी मावतें, तें लोखंडानें भरल्यास वजन ७.९ किलो होईल. तांब्यानें ९, रुप्यानें १०.५, शिशानें ११.३ आणि सोन्यानें १९.३. शिसें तेवढें अपवाद. बाकी जड तो मोलाचा, असाच क्रम लागतो. १६७४ सालीं रायगडावर महाराजांची सुवर्णतुला झाली. साठ किलो वजनाच्या मनुष्याइतकें सोनें वितळविलें, तर तें जेमतेम तीन लिटरांच्या घागरींत राहील, ही गोष्ट तुलेचीं वर्णनें वाचतांना सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

या क्रमाला अपवाद ठरणारा धातु चंदगडकरांच्या पायांखालींच होता. सह्याद्रीच्या माथ्यावरील काळ्या कातळांतून लक्षावधि वर्षांच्या पावसानें वाळूचा अंश धुऊन नेला; मागें उरला तो तांबडा जांभा. त्यांत लोह आहे, आणि कांहीं थरांत ॲल्युमिनियमही भरपूर आहे. त्या थरांना बॉक्साइट म्हणतात. जांभ्यांतील लोखंड सह्याद्रींतले धावड लोक कोळशाच्या भट्टींत काढीत असत. ॲल्युमिनियम मात्र प्राणवायूला इतका घट्ट धरून बसतो कीं, कोळशाच्या त्या आंचेला तो कधींच वश झाला नाहीं. एकाच जातीच्या दगडांतला एक धातु कोयता झाला आणि दुसऱ्याला नांवही मिळालें नाहीं!

युरोपांत ओर्स्टेडनें १८२५ सालीं आणि वोलरनें १८२७ सालीं तो वेगळा केला, पण अतिशय कष्टानें. त्यामुळें हा धातु कित्येक वर्षें मिरविण्याचा राहिला. १८८४ सालीं वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर त्याचें शंभर औंसांचें टोंक बसविलें, तें विजेपासून रक्षण करणाऱ्या वाहकाचें टोंक म्हणून. पुढें १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू यांनीं, परस्परांस न कळतां, विजेनें तो काढण्याची एकच रीत शोधिली आणि भाव कोसळला. आपल्याकडे ‘जर्मनचीं भांडीं’ म्हणून तो गरिबाच्या चुलीवर आला. तांब्यापितळेच्या घरांत त्याला फारशी प्रतिष्ठा नव्हती. पाण्याच्या केवळ २.७ पट वजन, हाच त्याचा दोष. आणि विमान उडूं लागल्यावर तोच त्याचा गुण.

चंदगड तालुक्यांत कासारसडा येथें बॉक्साइटची खाण निघाली. तांब्यापितळेचा व्यापार करणाऱ्या कासाराचें नांव धारण करणाऱ्या सड्याच्या पोटांत हा धातु निघावा, ही मौजच म्हणावयाची. पण येथें भूगोलानें वेगळें वळण घेतलें होतें. चंदगड पूर्वीं बेळगांव जिल्ह्यांत होतें. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत तें कोल्हापुरास जोडलें गेलें आणि बेळगांव म्हैसूर राज्यांत गेलें. ॲल्युमिनियमचा कारखाना मात्र निघाला बेळगांवास. दगड चंदगडचा, भट्टी बेळगांवची, मध्यें सीमा. एक किलो हलका धातु हातीं येण्यास चार ते पांच किलो जड सडा खालीं उतरवावा लागतो, आणि सडा उकरल्यावर उरते ती त्याच्या तळची पांढुरकी चिकणमाती.