पेशवेपदाचा निर्णय नसतानाचा कारभार

मराठी राज्यात पेशवेपद रिकामे असताना, किंवा ते कोणाचे हा वाद मिटलेला नसताना, कार्यकारी सत्ता कोणाच्या हाती राहिली, यासंबंधीचा इतिहास. उत्तर पेशवाईत हा प्रश्न तीन वेळा तीव्रतेने उभा राहिला : १७७३-७४, १७९५-९६ आणि १८०२-०३. अखेरच्या प्रसंगाचा निकाल पुण्यात न लागता वसई (सध्याचा पालघर जिल्हा) येथे लागला.

छत्रपती शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर (१७४९) राज्यकारभाराची सर्व सूत्रे पेशव्यांकडे आली. तरीही पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घ्यावी लागत. वस्त्रे हा अधिकाराचा कायदेशीर उगम होता. प्रत्यक्ष सत्ता मात्र पुण्याचे दफ्तर, खजिना, किल्ले व सरदारांच्या फौजा यांत सामावलेली होती. आधुनिक संसदीय पद्धतीत राजीनामा दिलेले मंत्रिमंडळ नवे येईपर्यंत काळजीवाहू म्हणून राहते. पेशवाईत असा कोणताही ठरलेला संकेत नव्हता.

नारायणराव पेशव्याचा खून झाल्यावर (३० ऑगस्ट १७७३) ही उणीव उघड झाली. रघुनाथरावाने वस्त्रे मिळविली. परंतु सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी नारायणरावाची गर्भवती पत्नी गंगाबाई हिला पुरंदर किल्ल्यावर नेले व तिच्या नावाने कारभार सुरू केला. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मास येईपर्यंत कारभाऱ्यांचा पेशवा अस्तित्वातच नव्हता, आणि मुलगी झाली असती तर हा सारा डाव फसला असता. तथापि खजिना, किल्ले व बहुतेक सरदार त्यांच्या बाजूस होते. एकाकी पडलेल्या रघुनाथरावाने सुरतेच्या तहाने (मार्च १७७५) साष्टी व वसई मुंबईकर इंग्रजांना देऊ केली. वसई त्या वेळी त्याच्या ताब्यात नव्हती. कलकत्त्याच्या कौन्सिलने हा तह अमान्य केला व बारभाईंशी पुरंदरचा तह केला (१ मार्च १७७६). कारभार ज्याच्या हाती, त्याचाच करार ग्राह्य, असा या निर्णयाचा अर्थ होतो. लंडनच्या संचालकांना तो रुचला नाही, ही गोष्ट वेगळी.

सवाई माधवराव निपुत्रिक वारल्यावर (२७ ऑक्टोबर १७९५) वर्षभराहून अधिक काळ पेशवेपद हेलकावे खात राहिले. मध्यंतरी चिमाजी आप्पास वस्त्रे देण्यात आली. अखेर डिसेंबर १७९६ मध्ये ती दुसऱ्या बाजीरावास मिळाली. या अवधीत नाना फडणीस व दौलतराव शिंदे यांची ओढाताण चालली, तरी सत्तेचे केंद्र पुण्याबाहेर गेले नाही.

नानाच्या मृत्यूने (१३ मार्च १८०० ) ही शेवटची आडकाठी नाहीशी झाली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकराने शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव करताच बाजीराव पळाला. रायगड, महाड, सुवर्णदुर्ग असा कोकणातून प्रवास करीत तो इंग्रजी जहाजाच्या आश्रयाने डिसेंबरच्या मध्यास वसईस पोहोचला. पुण्यात होळकराने रघुनाथरावाचा दत्तक पुत्र अमृतराव यास जुन्नरहून आणून त्याच्या हाती कारभार दिला व त्याचा मुलगा विनायकराव यास पेशवेपदी बसविण्याचा घाट घातला. अशा रीतीने दफ्तर व राजधानी एकाकडे आणि १७९६ ची वस्त्रे दुसऱ्याकडे, अशी फाळणी झाली. इंग्रज रेसिडेंट बॅरी क्लोज काही आठवडे पुण्यात होता. होळकर व अमृतराव त्याने मध्यस्थी करावी म्हणून खटपट करीत होते. तो मुंबईमार्गे वसईस गेला, तेव्हाच इंग्रजांचा कौल स्पष्ट झाला.

३१ डिसेंबर १८०२ रोजी झालेल्या वसईच्या तहाने बाजीरावाने किमान ६,००० तैनाती पायदळ स्वीकारले, त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख दिला, सुरतेवरील हक्क सोडला आणि निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत कंपनीची मध्यस्थी मान्य केली. परराज्यांशी बोलणी करण्यापूर्वी कंपनीचा सल्ला घेण्याचे बंधनही त्यात होते. करार करतेवेळी बाजीरावापाशी राजधानी नव्हती, खजिना नव्हता, लढाऊ फौज नव्हती. १७७६ चा दंडक लावला असता, तर हा तह सुरतेच्या तहाच्याच पंक्तीस बसला असता. कलकत्त्याचे धोरण मात्र आता वेलस्लीचे होते. अधिकृत पण असहाय पेशवा त्यास पुण्यातील प्रत्यक्ष कारभाऱ्यापेक्षा अधिक सोयीचा वाटला. बाजीरावाच्या दुबळेपणास सर्व दोष देणारे इतिहासकार या बदलाकडे पुरेसे लक्ष देत नाहीत.

दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांना हा तह आपणांस न विचारता झालेला वाटला, आणि त्यातून दुसरे इंग्रज-मराठे युद्ध (१८०३-०५) उद्‌भवले. तत्पूर्वी होळकराने पुणे सोडले होते. एप्रिल १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली पुण्यात शिरला व १३ मे रोजी बाजीराव इंग्रजी संरक्षणाखाली राजधानीत परतला. अमृतरावाने त्याच वर्षी कंपनीशी करार करून सालीना ७ लाख रुपयांची नेमणूक पत्करली. पुढे तो काशीस जाऊन राहिला.