मातृभाषेच्या रकान्यात काय सांगायचं?

जनगणनेच्या व्याख्येत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलायची ती. शाळेची किंवा मजहबची नव्हे. तरी आपल्यात घरी कोकणी किंवा दखनी बोलणारे कित्येकजण ‘उर्दू’ सांगून मोकळे होतात. उर्दू आपलीच, पण तिला वेगळी जागा आहे. २०११ला मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदवता येत होत्या. बोलता-समजता येणं पुरेसं होतं, लिहिता-वाचता येण्याची अट नव्हती. म्हणजे मराठी आणि उर्दू, दोन्ही बसतात. नुसतं कुरआन नाजरा वाचता येतं म्हणून अरबी मात्र येणाऱ्या भाषांत धरत नाहीत. ती समजून शिकावी ही हौस पुष्कळ घरांत आहे, ते वेगळं. कोकणी १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आहे, दखनी नाही. म्हणून आम्ही म्हणतो, दखनी घरांनी तरी प्रगणकाला दखनीच सांगावी.